आतलं घटिकापात्र

दुपारचे अडीच. लेकीच्या घरामागच्या लाकडी ओट्यावर मे महिन्याचं लख्ख ऊन पडलं होतं, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची मुलं पाण्यात खेळत होती, आणि मी त्या उन्हात शाल गुंडाळून बसले होते. बोटांची टोकं गार पडलेली, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर. ताप नव्हता, कणकण नव्हती. पहाटेच्या एसटीसाठी फाट्यावर उभं राहिलं की आतून जी थंडी भरून येते, तशी ही थंडी होती. जावई काळजीत पडले. “आई, तुम्हाला बरं वाटत नाही का? डॉक्टरांना फोन लावू?”

“नको,” मी म्हटलं. “वाईत आत्ता पहाटेचे तीन वाजलेत.”

आदल्या संध्याकाळी सात वाजता मी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले होते. हातावरचं घड्याळ विमानातच साडेबारा तास मागं घेतलं होतं. पण माझ्या आत एक वस्तू होती, जी अजून कृष्णाकाठीच होती. माणसाच्या अंगाची ऊब दिवसभर सारखी नसते. रोजच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास ती अगदी तळाला जाते. मी साडेपाचला उठणारी, त्यामुळे तीन हा माझा तळ. वाईतली रात्र सरत आली, आता ऊब तळाला न्यायची वेळ झाली, हे त्या वस्तूला ठाऊक होतं. सात समुद्रांपलीकडे, डोक्यावर ऊन असताना, तिनं आपलं काम जराही न चुकता केलं होतं.

चौतीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. या वस्तूची ओळख फळ्यावर बाण काढून मी किती मुलांना करून दिली असेल! पण नुसती ओळख असणं वेगळं आणि एका घरात राहून स्वभाव कळणं वेगळं. तो स्वभाव मला साठी उलटल्यावर, पहिल्या लांबच्या विमानप्रवासानं कळला.

मी तिला घटिकापात्र म्हणते. खरं घटिकापात्र मी धाकट्या आत्याच्या लग्नात पाहिलं. गंगाळभर पाणी, त्यावर हळदकुंकू लावलेली तांब्याची वाटी तरंगतेय, वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून पाणी आत येत राहतं, २४ मिनिटांत वाटी भरते आणि बुडते. ती एक घटका. अशा साठ घटकांचा एक दिवस. जोशीबुवांनी मला गंगाळाशेजारी बसवलं होतं. वाटी बुडाली की हाक मारायची, मग ते ती उपसून पुन्हा पाण्यावर सोडणार. मांडवात सनई चालू होती, वऱ्हाडाची गडबड होती, प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ वेगळीच वेळ सांगत होतं. वाटीला त्यातल्या कशाशी घेणं-देणं नव्हतं. ती आपली भरत होती. मी तासन्‌तास तिच्याकडे बघत बसले होते आणि जेवायलासुद्धा उठले नव्हते, असं आई नंतर सांगायची.

आतलं पात्र मेंदूच्या तळाशी असतं. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर. ते एक नाही, जोडी आहे, डावं आणि उजवं. आकार मोहरीच्या दाण्याहून लहान, आणि एकेकात सुमारे दहा हजार पेशी. फोडणीला आपण चिमूटभर मोहरी टाकतो, त्यातला एक दाणाही भरणार नाही एवढ्याशा जागेतून माणसाची झोप, भूक, अंगाची ऊब, रक्तदाब, सकाळची हुशारी आणि तिन्हीसांजेचा थकवा चालतो. प्रत्येक पेशीच्या आत एक वाटी भरत असते. एक प्रथिन हळूहळू साठत जातं. पुरेसं साठलं की ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि स्वतःचीच घडण थांबवतं. मग साठा झडू लागतो, तो संपला की घडण पुन्हा सुरू. भरणं, बुडणं, उपसणं, पुन्हा तरंगणं. लग्नातल्या वाटीला चोवीस मिनिटं लागायची, हिला लागतात जवळपास चोवीस तास. आणि मांडवातल्या वाटीला जोशीबुवांचा हात लागायचा. ही स्वतःच स्वतःला उपसते.

या वाटीचा माग माणसाला प्रथम लागला तो फळमाशीत. केळी जरा जास्त पिकली की त्यावर घोंघावणारी ती बारीक माशी. मी ज्या राज्यात शाल गुंडाळून बसले होते, त्याच कॅलिफोर्नियात १९७१ साली रोनाल्ड कोनोप्का आणि सिमूर बेंझर यांनी अशा माश्या शोधल्या, ज्यांचा दिवस एकोणीस तासांचा होता, काहींचा अठ्ठावीस तासांचा, आणि काहींना दिवस असा नव्हताच. तिन्ही प्रकारांत बिघाड एकाच जनुकात होता. ती वाटी कशी भरते आणि कशी बुडते हे पुढे ज्यांनी उलगडलं, त्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ साली नोबेल मिळालं. मी तेव्हा नोकरीच्या शेवटच्या वर्षांत होते. ती बातमी वर्गात वाचून दाखवताना माझा आवाज जड झाला होता, कारण एवढ्या क्षुद्र समजल्या जाणाऱ्या जिवाकडे कुणीतरी इतकी वर्षं टक लावून बघत बसलं होतं. गंगाळाशेजारी बसणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

आता या पात्राचा स्वभाव. तो जुन्या, एकमार्गी माणसाचा आहे. कुणी बघत असो वा नसो, आपलं काम करत राहायचं. आमची आजी तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू द्यायची नाही. कढीपत्त्याचं एक पान हवं असलं तरी नाही. “झाड निजलंय,” म्हणायची. परसात चिंच होती, तिची बारीक पानं संध्याकाळी खरोखरच जोडीजोडीनं मिटलेली दिसत. अलेक्झांडरच्या आरमारातल्या अँड्रोस्थेनिसनं इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात बहारीनच्या बेटावर चिंचेची हीच मिटणारी पानं पाहून लिहून ठेवली, आणि तिथले लोकही म्हणत होते की झाड झोपतं. पण झाड झोपतं ते अंधार पडला म्हणून, की त्याला आतून कळतं म्हणून? १७२९ साली फ्रान्समधल्या द मेरां नावाच्या खगोलतज्ज्ञानं लाजाळूसारखं रोप अंधाऱ्या जागी ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही पानं सकाळी उघडत होती आणि संध्याकाळी मिटत होती. हा प्रयोग मी दर वर्षी प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटात करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडताना मुलं श्वास रोखून उभी राहत. पानं उघडलेली असत. बावीस वर्षांत एकदाही पानांनी मला मुलांपुढे खाली बघायला लावलं नाही.

माणसाचंही तसंच. १९६२ साली मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका बर्फाळ गुहेत दोन महिने घड्याळाशिवाय राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढायला लोक आले, तेव्हा त्याच्या हिशेबानं ती २० ऑगस्ट होती. मनाचा हिशेब पंचवीस दिवसांनी चुकला. शरीराचा मात्र चुकला नव्हता. त्याचं झोपणं-उठणं चोवीस तासांहून किंचित मोठ्या फेरीत नेमानं चालू होतं. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी अशीच एक खोली बांधून घेतली होती, जिथे बाहेरचा उजेड, आवाज, घड्याळ यांपैकी काहीच पोचत नसे, आणि माणसं आपण होऊन तिथे दिवसच्या दिवस राहत. या सगळ्यांतून एक गोष्ट पक्की झाली. माणसाच्या पात्राची फेरी अगदी बरोबर चोवीस तासांची नाही. १९९९ साली हार्वर्डमध्ये काळजीपूर्वक मोजली तेव्हा सरासरी चोवीस तास अकरा मिनिटं भरली.

ही अकरा मिनिटं माझ्या मनात रुतून बसली आहेत. पात्र रोज थोडंसं उशिरा बुडू पाहतं, आणि रोज सकाळचा उजेड त्याला सांगतो, नाही, आत्ता. सूर्याशी त्याचं नातं इतकं रोजचं आहे. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत, ज्या आकार, रंग, चेहरे यातलं काहीच बघत नाहीत. उजेड किती आहे एवढंच मोजतात आणि तो निरोप थेट या मोहरीपर्यंत नेतात. ज्यांची दृष्टी पूर्ण गेलेली आहे, अशा काही जणांमध्येही या पेशी शाबूत असतात आणि त्यांची झोप दिवसरात्रीला धरून चालते. पाहणं गेलं, तरी सकाळ पोचते.

त्या अकरा मिनिटांमुळेच त्याला दिवस लांबवणं सोपं जातं आणि आखडता घेणं जड जातं. पश्चिमेकडे गेलेला माणूस दिवसाला साधारण दीड तास सरकतो, पूर्वेकडे गेलेला जेमतेम तासभर. पूर्वी बोटीनं विलायतेला जाणाऱ्यांना हे दुखणं ठाऊकच नव्हतं. बोट दोन-तीन आठवडे चालायची, जहाजावरचं घड्याळ रोज थोडं थोडं मागं घ्यायचे, आणि पात्र त्यांच्याबरोबर चालत यायचं. माणूस आणि त्याची वेळ एकाच बंदराला एकाच दिवशी लागत. १९३१ साली वायली पोस्ट आणि हॅरल्ड गॅटी आठ दिवसांत विमानानं पृथ्वीभोवती फिरून आले. पोस्टनं त्याआधी मुद्दाम वेळीअवेळी झोपण्याची सवय केली होती, म्हणजे पुढे काय येणार याचा त्याला अंदाज होता. त्या दुखण्याला ‘जेट लॅग’ हे नाव मात्र १९६६मध्ये छापून आलं, जेट विमानं सर्रास झाल्यावर.

विमानात नेमकं काय झालं ते सांगते, कारण तिथे मला पहिल्यांदा या पात्राची दया आली.

पहाटे चारला वाईहून निघाले. दुपारी तीनला विमान सुटलं. तासा-दीड तासात जेवण झालं, दिवे मंद केले, खिडक्या झाकल्या. सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा पहाटेचे चार-साडेचार वाजले होते, म्हणून विमानात रात्र. वाईत मात्र दुपारच्या चहाची वेळ. झोपेला दोन बैल लागतात. एक म्हणजे जागरणाचं ओझं; जितका वेळ जागं राहावं तितकं ते वाढत जातं. दुसरा हे पात्र. ते सांगतं आता रात्र, आता दिवस. घरी असताना संध्याकाळनंतर दोन्ही बैल एकाच बाजूला ओढतात आणि आपण उशीवर डोकं टेकताच जातो. विमानात पहिला बैल जोरात ओढत होता, मी पहाटेपासून जागी होते. दुसरा मान ताठ करून उभा. डुलकी लागायची आणि तुटायची, लागायची आणि तुटायची. शेवटी वाईतले रात्रीचे दहा वाजले, दोन्ही बैल एका वाटेला लागले, मला खरीखुरी झोप आली, आणि नेमके तेव्हाच दिवे लागले, ट्रे आले. खाली त्या देशात सकाळ झाली होती.

शिवाय सोळा तास शरीर काय सोसत असतं! विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा तितकाच ठेवतात. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच, कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच जागी बसून आपण रात्र काढत असतो. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. म्हणून मी थोडं थोडं पाणी पीत राहिले, तासा-दोन तासांनी उठून मागच्या पडद्यापर्यंत चालून आले, बसल्या बसल्या घोटे फिरवले, पायात डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे होते. पट्टा पांघरुणावरून बांधावा, म्हणजे तपासणीसाठी कुणी उठवत नाही, हे शेजारच्या खिडकीशी बसलेल्या मुलीनं सांगितलं. ती नागपूरची, तिसऱ्यांदा निघालेली. डोळ्यांवर बांधायची पट्टी तिनंच तिच्याकडची जास्तीची दिली. चहाचा मला फार सोस, पण चहातला अर्धा अंमल पाच-सहा तासांनंतरही अंगात उरतो, हे मी मुलांना शिकवलेलं. तो दिवस मी दोन कपांवर काढला. रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची, हे आमच्या डॉक्टरांनी कागदावर दोन्हीकडच्या वेळांसकट लिहून दिलं होतं. तो कागद मी पदराच्या गाठीसारखा जपला. ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं त्यांनी तर हा कागद घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नये, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

उतरले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. घड्याळानं सांगितलं, वाईत ज्या दिवशी निघालीस तोच दिवस आहे, संध्याकाळ आहे. लेक दारात उभी होती, कुशीत पाच दिवसांची नात. मी दोघींना एकदम जवळ घेतलं. त्या क्षणी माझ्या आत सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते.

पहिल्या रात्री सगळे निजले आणि मी टक्क जागी. परक्या घरात पहिल्या रात्री झोप लागत नाही हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आता तपासून कळलंय की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग जास्त सावध राहतो. पण माझ्या आत तर दिवसच होता. साडेबाराला भूक लागली. नुसती भूक नाही, भाकरीची भूक. वाईत दुपारचा एक. पात्राच्या हाताखाली पोटात, यकृतात, आणखी कुठे कुठे धाकटी पात्रं असतात. ती उजेडाकडे बघत नाहीत, जेवणाकडे बघतात. जेवायची वेळ झाली की ती उठून बसतात. मी अंधारात स्वयंपाकघरात गेले, दूध गरम केलं, बरोबर आणलेला दगडी पोहे-दाण्यांचा चिवडा वाटीभर घेतला आणि खिडकीशी बसले.

दोन वाजता बाळ रडलं.

लेक उठायच्या आत मी पोचले. “तू दूध पाजून दे माझ्याकडे आणि नीज,” मी म्हटलं. ती म्हणाली, “आई, तू दमून आलीयेस.” मी म्हटलं, “अगं, मला दुपार झालीये.” तिनं पाजलं आणि मग चार तास सलग झोपली, बाळ झाल्यापासून पहिल्यांदा. मी नातीला खांद्यावर घेऊन त्या खोलीतून या खोलीत फिरत राहिले. दिवा एकच, तोही मंद.

तिच्या आत पात्र होतं, पण त्याला अजून पाणी सापडलं नव्हतं. पोटात होती तोवर आईच्या रक्तातून तिला रात्रीचा निरोप मिळत होता. अंधार पडला की मेलॅटोनिन नावाचं जे द्रव्य रक्तात उतरतं, ते वारेतून बाळापर्यंत जातं. जन्मल्याबरोबर ती वाट तुटते. स्वतःचं मेलॅटोनिन रात्रीच्या ठेक्यात यायला दोन-तीन महिने जातात. तोवर तिला दिवस नाही, रात्र नाही. भूक आणि तृप्ती एवढंच. फक्त आईच्या दुधातून एक धागा उरतो, कारण रात्रीच्या दुधात मेलॅटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळपास नसतं. म्हणजे लेक अर्धवट झोपेत पाजत होती तेव्हाही ती बाळाला सांगत होती, ही रात्र आहे.

आणि मी? माझ्यात पात्र पक्कं बसलेलं होतं, पण भलत्याच गावात. एकीला अजून वेळ मिळाली नव्हती, दुसरीची वेळ साडेतेरा हजार किलोमीटर मागे राहिली होती. त्या रात्री आम्ही दोघी एकमेकींना फार उपयोगी पडलो. ह्यांचा फोन आला तेव्हा इकडे अडीच वाजले होते. तिकडे ते जेवून झोपाळ्यावर बसलेले, मागे ऊन, कावळा ओरडतोय. “अगं, मध्यरात्री जागी कशी?” मी कॅमेरा खांद्याकडे वळवला. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर ती थंडी भरली. तेव्हा मी ठरवलं, या पात्राला इथे आणायचं, पण ओढत नाही. वही काढली. उजेडाचा नियम असा आहे, की अंगाची ऊब तळाला जाण्याआधीच्या तासांत उजेड मिळाला तर पात्र मागे सरतं, म्हणजे उशिरा बुडतं. तळानंतरच्या तासांत मिळाला तर पुढे ओढलं जातं. एकाच उन्हाचे दोन अर्थ. माझा तळ दुपारी अडीचचा, आणि मी जागं राहण्याच्या हट्टानं दोन्ही बाजूंचं ऊन घेत बसले होते. त्याला एकाच वेळी दोन हाका. ते गांगरेल नाही तर काय?

मग मी वाट धरली ती सोपी, दिवस लांबवण्याची. सकाळी आठपासून अकरापर्यंत ओट्यावर उन्हात, मग खोलीत पडदे ओढून पाच-सहा तास झोप. दुसऱ्या दिवशी साडेबारापर्यंत ऊन, मग झोप. तिसऱ्या दिवशी दोनपर्यंत. माझी झोप रोज दीड-दोन तासांनी पुढे सरकत दुपारवर आली, दुपारवरून संध्याकाळवर. उठल्यावर ऊन असलं तर टोपी, काळा चष्मा आणि घराची सावली. नातीच्या रात्रीच्या पाळ्या तोवर माझ्याच होत्या, आणि त्या मला कष्टाच्या वाटत नव्हत्या, कारण माझ्यासाठी ती अजून दुपार नाहीतर संध्याकाळ होती. जावयांनी मेलॅटोनिनच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. पाच किंवा अधिक तासांचा फरक ओलांडणाऱ्यांना नव्या गावच्या झोपेच्या वेळी घेतल्या तर त्यांचा उपयोग होतो, हे चांगल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. पण ती गुंगीची गोळी नाही, तो रात्रीचा निरोप आहे. भलत्या वेळी दिला तर पात्राला भलतीकडे नेतो. इतर औषधं चालू असलेल्यानं डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मी विचारलं, आणि शेवटच्या तीन रात्री अगदी लहान मात्रेत घेतली.

पाचव्या-सहाव्या दिवशी जरा कठीण गेलं. पोट एकीकडे, डोळे एकीकडे. धाकटी पात्रं थोरल्याच्या मागून येतात, सगळी एकदम येत नाहीत. जेवण कडू लागायचं, लहानसहान गोष्टीनं डोळे भरून यायचे. लेकीनं एकदा नुसतं विचारलं, “आई, घरची आठवण येतेय का?” आणि मी हुंदका देऊन रडले. आठवण होतीच. पण शरीर अर्धं रस्त्यात असताना मन कुठे टेकणार? तिनं मला जवळ बसवून ताकभात कालवून दिला, मेतकूट घालून. बाळंतिणीनं आईला भरवलं.

दहाव्या रात्री मी साडेनऊला पडले आणि डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर उजाडत होतं. साडेपाच. कुणी हाक मारली नव्हती. पाळण्याकडे कान दिला, शांत. लेक उठून पाजून पुन्हा निजली होती, आणि मला कळलंही नव्हतं. माझं पात्र पॅसिफिकच्या काठाला लागलं होतं. आनंद झाला, आणि त्यासोबत वाईची पहाट आता माझ्या आत वाजणार नाही, याची हुरहुर दिवसभर लागून राहिली.

तिथून पुढचे महिने त्याची आठवणसुद्धा झाली नाही. नीट चाललेल्या गोष्टीची आठवण कुणाला होते? ऑगस्टच्या आत नातीच्या रात्री लांब होऊ लागल्या. सकाळी मी तिला खिडकीशी उन्हात घेऊन बसायची आणि संध्याकाळी सातनंतर घरातले दिवे मंद करायची. तिची वाटी पाण्यावर सोडायला मी शेजारी बसलेली होते, याहून मोठं काम मी त्या देशात काही केलं नाही. पाचव्या महिन्यात घरीच उष्टावण केलं.

नोव्हेंबरच्या मध्याला परतले. तिकडची घड्याळं त्याच महिन्यात तासभर मागं गेलेली, म्हणून आता फरक साडेतेरा तासांचा. वाईत पोचले तर दिवसा साडेचारला, ऐन चहाच्या वेळी, तीच हुडहुडी. ह्यांनी न विचारता शाल आणून दिली. अंगणात ऊन उतरत होतं, चिंचेची पानं अजून उघडी होती.

रात्री दोनला जाग आली. टक्क. हे गाढ झोपलेले. नदीकडून थंड हवा येत होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला नाही, पाटावर भिंतीला टेकून बसले. तिकडे दुपारचे साडेबारा असणार. नातीच्या पेजेची वेळ. रोज याच वेळी मी तिला मांडीवर घ्यायची, चमचा पुढे केला की ती आधी माझ्या बांगडीला हात घालायची.

फोनचा पडदा उजळला. “आई, जागी असशील वाटलं,” लेकीचा आवाज हळू होता. मागून चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज येत होता, आणि पाठोपाठ नातीची हाक.